बगळोबाला न मोजता आलेली गोष्ट

पाणी सगळ्यांना सारखं वाटून दिलं होतं. कुणी चोरलं नाही, पाट कुठं फुटला नाही, कुठलं दार अडकून बसलं नाही. तरीही चारही फडांतला गहू तहानलेलाच राहिला.

असं कसं झालं?

वडबंधारे गावात त्या माघात सगळ्यांच्या तोंडी हा एकच प्रश्न होता. विचारून विचारून माणसांचे आवाज बसले होते. कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करून सावलीत पडून असायची.

गाव खानदेशातलं, नदीच्या वळणावरचं. काळ आजपासून थोडा पुढचा. नदीला आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाला फुटलेल्या चार चाऱ्या. एकेका चारीवर अनेक घरांची शेतं मिळून भिजायची. शेतांच्या अशा समूहाला तिकडे फड म्हणतात. बंधाऱ्याला लागून थळफड, मग मधला फड, मग चिंचफड, आणि सगळ्यांत शेवटी, जिथं पाट बारीक होत होत धुळीत हरवतो तिथं, टोकफड.

पाणी वाटायचं काम आता माणसांकडे नव्हतं. पूर्वी पाळीवरून डोकी फुटायची. एकदा तर लग्न आणि पाण्याची पाळी एकाच दिवशी आली आणि नवरदेव हळदीच्या अंगानं फावडं घेऊन पाटावर धावला. शेवटी गावानं निंबानानांना साकडं घातलं. निंबानाना गावचेच. उभा जन्म पाण्याच्या संशोधनात घालवून म्हातारपणी परत आलेले. त्यांनी एक यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) बनवला. लांब काटकुळे पाय, पाठीवर उन्हातून वीज करणारे पत्रे, आणि एक टोकदार चोच. त्या चोचीत संवेदक होते (ओल, खोली, वेग असं काहीबाही जाणणारी यंत्राची इंद्रियं). तो पाटात उभा राहून चोच बुडवायचा, पाणी मोजायचा आणि चाऱ्यांची दारं उघडायचा, मिटायचा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं बगळोबा.

गावानं बगळोबाला पहिल्याच दिवशी एक सूचना दिली होती: "चारही फडांना सारखं पाणी. थेंब इकडं नको, थेंब तिकडं नको." आणि बगळोबानं ती वर्षानुवर्षं पाळली.

पण यंदा बंधारा अर्धाही भरला नाही. गव्हात दाणा भरायच्या दिवसांत बगळोबानं नेहमीसारखं सारखं पाणी सोडलं, तर चाऱ्या नुसत्या ओल्या झाल्या आणि शेतं कोरडीच राहिली. आता बंधाऱ्यात एका शेवटच्या पाळीपुरतं पाणी उरलं होतं. तेव्हा बगळोबा मुख्य दारापाशी एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला,

"सारखं वाटलं तर कुणालाच पुरणार नाही. दुसरं कसं वाटू ते सांगा."

"अरे, न्यायानं वाट!" लोक म्हणाले.

"न्याय्य म्हणजे किती?" बगळोबानं विचारलं. "मला ओल मोजता येते. खोली मोजता येते. न्याय्य मोजता येत नाही. काय ते तुम्ही सांगा, मी दार उघडतो."

तेव्हापासून रोज चावडीपुढं सभा. रोज तेच बोलणं, तीच भांडणं. आणि पाणी दाराआड गप्प.

वसूचे आप्पा सभेहून आले की पायरीवर बसायचे. चपला काढायचंही त्यांच्या जिवावर यायचं. त्यांचं शेत टोकफडातलं, तेही पार टोकाचं. त्या शेतात बन्सी गहू उभा होता. आप्पांच्या आजाच्या आजानं राखलेलं ते बियाणं. लालसर, लांबट दाणा, खीर करावी तर नुसत्या वासानं भूक लागावी. गावात दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. कणगीतलं मागचं बियाणं भुंग्यांनी पोखरलं, म्हणून जे चांगलं निघालं ते सगळं आप्पांनी यंदा पेरलं होतं. हा गहू वाळला म्हणजे बियाणंच संपलं.

"आज काय ठरलं?" वसूनं विचारलं.

"काय ठरतंय, बाई. थळफडवाले म्हणतात आम्ही जवळ, आम्हाला द्या. आपण म्हणतो आम्ही लांब, आम्हाला द्या. दोन्ही ओरडणं सारखंच ऐकू येतं."

आत आई डाळ निवडत होती. तिच्या ओठांतल्या ओठांत चाललं होतं,

पाण्या निघालास कुठं, वाट केवढी लांब
माझ्या टोकाच्या शेताला, नेशील का एक थेंब

गाण्यातही दम नव्हता. शेवटचा शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाच नाही.

वसू उठली आणि थेट बंधाऱ्याकडे चालू लागली.

बंधाऱ्याशेजारी निंबानानांचं पत्र्याचं छप्पर होतं. नाना बाजेवर उशीला टेकून बसलेले. धुळीच्या दिवसांत त्यांना धाप लागायची, एक वाक्य बोलले की दोन श्वास थांबायचे. शाळा सुटल्यावर पोरं तिथं जमायची. आजही भावेश आलेला होता, थळफडाचा. वसूच्याच वर्गातला. त्याच्या मागं त्याची धाकटी चुलतबहीण चिंगी. बगळोबा पलीकडे उभा होता. त्याच्या पाठीच्या पत्र्यांवर धूळ बसून वीज कमी पडत होती, म्हणून त्याचं बोलणं ओढत ओढत येत होतं.

"आली टोकाची राणी," भावेश म्हणाला.

"तू गप रे, बंधाऱ्यावरच्या बेडका!" वसू म्हणाली आणि नानांकडे वळली. "नाना, यंत्र तुमचं आहे. तुम्हीच सांगून टाका ना त्याला, कसं वाटायचं ते."

नानांनी मान हलवली. "मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल. गाव उद्या पुन्हा भांडेल. आणि पोरी, खरं सांगू? मलाही ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?" चिंगीचे डोळे मोठे झाले. "तुम्ही तर शास्त्रज्ञ!"

"म्हणून तर इतकं सहज सांगता येतं, की ठाऊक नाही." नाना हसले, त्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर ते म्हणाले, "प्रश्न एक दिसतो, पण आहेत दोन. एक मोजून सुटतो. तो आधी सोडवू. जा, चार कोरडी ढेकळं आणा. एकसारखी."

पोरांनी ढेकळं आणली. नानांनी ती चार ताटल्यांत ठेवायला सांगितली आणि एक पेलाभर पाणी दिलं. "चौघांना सारखं वाटा."

वसूनं जपून चारही ढेकळांवर सारखं पाणी ओतलं. ढेकळांनी ते गटागटा पिऊन टाकलं. एकाही ताटलीत थेंब उतरला नाही.

"आता तेवढंच पाणी एका नव्या ढेकळावर ओता. सगळंच्या सगळं."

भावेशनं आणखी एक ढेकूळ आणून रिकाम्या ताटलीत ठेवलं आणि पाणी ओतलं. ढेकूळ थोडं प्यालं आणि मग त्याच्या पोटाखालून पाणी ताटलीत पाझरलं. चांगलं बोट बुडेल इतकं.

वसू बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ढेकूळ म्हणजे चारी. आणि ताटली म्हणजे शेत."

"पुढं?"

"चारी आधी स्वतःची तहान भागवते. उरलं तर शेताला. पाणी चार ठिकाणी वाटलं की चारही चाऱ्या आपापलं पिऊन घेतात, आणि शेतापर्यंत काहीच जात नाही."

"याला झिरपा म्हणतात," नाना म्हणाले (वाहत्या पाण्यातलं जे पाणी तळाच्या मातीत मुरून जातं, ते). "भरल्या वर्षी तो कळत नाही. टंचाईत तोच सगळं खातो. थोडं पाणी चौघांत वाटणं म्हणजे चार चाऱ्यांना जेवू घालणं."

"मग सोपं आहे," भावेश म्हणाला. "सगळ्यांना द्यायचंच नाही. थोड्यांना द्यायचं."

"कुणाला?" वसूनं विचारलं.

भावेश ढेकळांकडे बघू लागला.

"हा बघा दुसरा प्रश्न," नाना म्हणाले. "हा ढेकळांना विचारून सुटत नाही. बगळोबाच्या चोचीतही मावत नाही. याला विचारच करावा लागतो. आणि विचार करायचीही एक रीत असते, जशी पाणी मोजायची असते. आधी शब्द धरा. न्याय्य म्हणजे काय? एका वाक्यात सांगा. अशा वाक्याला व्याख्या म्हणतात (शब्दाच्या आत काय येतं आणि बाहेर काय राहतं, हे सांगणारं कुंपण)."

"आमचं शेत वाळतंय आणि तुम्ही शब्द सोलत बसलाय!" वसूचा आवाज फाटला.

नाना रागावले नाहीत. "गावानं शब्द न सोलताच गिळला ना, वसू. 'न्यायानं' म्हणायचं होतं, आणि यंत्राला सांगितलं 'सारखं'. दोन्ही एकच आहेत असं धरून चालले. न तपासता खऱ्या धरलेल्या अशा गोष्टीला गृहीतक म्हणतात. तेच आता घशात अडकलंय."

वसूनं नाक पुसलं आणि मांडी घालून बसली.

"न्याय्य म्हणजे सगळ्यांना सारखं," भावेश म्हणाला. "चुकीचं असलं तरी सुरुवात म्हणून."

"सुरुवात अशीच करतात. आता कुणीतरी असं उदाहरण द्या, की जिथं सगळ्यांना सारखं दिलंय, तरी मन म्हणतं, हे काही बरोबर नाही. त्याला प्रत्युदाहरण म्हणतात (व्याख्येच्या कुंपणातलं भोक दाखवणारं उदाहरण)."

चिंगीनं लगेच हात वर केला. "आमच्या बाळाला आणि बाबाला आईनं सारख्याच भाकरी वाढल्या तर? बाळाला दातच नाहीत!"

सगळे हसले. बगळोबाही म्हणाला, "नों...द झाली. दा...त नाहीत." भावेशनं उठून फडक्यानं त्याची पाठ पुसली, तेव्हा त्याचं बोलणं जरा सुधारलं.

"मग न्याय्य म्हणजे ज्याला जेवढी गरज, तेवढं," वसू म्हणाली.

"भोक आहे," भावेश म्हणाला. "चिंचफडातल्या धनाकाकानं सगळे नको म्हणत असताना यंदा ऊस लावला. त्याची गरज सगळ्यांत मोठी. मग सगळं पाणी त्यालाच? वा रे वा!"

वसूला ओठ चावावा लागला. भोक खरंच होतं.

"तर मग जो जवळ, त्याला आधी," भावेश पुढं म्हणाला. "पाणी वाया जात नाही. शास्त्रीय आहे."

"बंधाऱ्याजवळ जन्मलास यात तुझी काय कमाई रे? तू शेत उचलून आणलंस का तिथं?"

"मग तू काय टोकाला उपास करायला जन्मलीस?"

"नाना, बघा ना हा!"

नाना डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय असं पोरांना वाटलं. मग डोळे न उघडताच ते बोलले. "व्याख्या चांगल्या दुरुस्त करताय. पण एक लक्षात आलं का? भावेशची प्रत्येक दुरुस्ती थळफडाकडे पाणी नेते. वसूची टोकफडाकडे. दोघंही विचार करताय, पण आपापल्या बांधावर उभं राहून."

वसूला हे लागलं. ती बराच वेळ मातीत बोटानं रेघा मारत राहिली. ऊन पत्र्यावर तापत होतं, पाटात पाणी नव्हतं. समोर वडाची वाळकी पानं वाऱ्याबरोबर इकडून तिकडं जात होती. कुठलं पान कुठल्या फांदीचं, आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"नाना," ती एकदम म्हणाली, "आणि आपला बांध कुठला, हेच ठाऊक नसलं तर?"

नानांनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा बंधाऱ्यावरच, बगळोबापाशी भरली. सरपंच सुमनताईंचा घसा असा बसला होता, की त्या बोलायच्या आणि त्यांची मुलगी मोठ्यानं सांगायची. वसूनं सगळ्यांना एकेक पान वाटलं. वड, निंब, चिंच, पळस. समोर येईल ते.

"हे कशाला?" दामूबाप्पांनी विचारलं. ते भावेशचे आजोबा, थळफडाचे म्होरके, मोठ्या मिशांचे.

"चार पानं, चार फड," वसू म्हणाली. "कुठलं पान म्हणजे कुठला फड, हे फक्त बगळोबाला ठाऊक आहे. नियम ठरेपर्यंत तो सांगणार नाही. तोवर तुमचं शेत हातातल्या पानाचं. तुम्ही थळात आहात की टोकात, तुम्हालाच ठाऊक नाही. अशा वेळी कुठला नियम तुम्हाला चालेल, तो सांगा."

"पोरखेळ," दामूबाप्पा म्हणाले.

"आपण तरी एवढे दिवस काय केलं, बाप्पा?" सुमनताई कुजबुजल्या आणि मुलीनं ते मोठ्यानं सांगितलं. लोक हसले. भांडायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं, म्हणून खेळायला बसले.

"ठीक," दामूबाप्पांनी पळसाचं पान वर धरलं. "माझं म्हणणं, जवळच्या फडाला आधी द्या."

"तुमचा फड जवळचा आहे का?" बगळोबानं विचारलं.

"म्हणजे काय? थळ..." बाप्पांनी पानाकडे पाहिलं. उलटं करून पाहिलं. त्यांच्या मिशा जरा खाली आल्या. "आता हे लेकाचं टोकफडाचं निघालं म्हणजे?"

"म्हणजे वाळलात," मागून कुणीतरी म्हणालं.

यानंतर बोलणं बदललं. आवाज तेच बसलेले, अंगं तीच आंबलेली, पण जो तो आधी पानाकडे बघायचा आणि मग बोलायचा. एक बाई म्हणाल्या, चौघंही उपाशी राहण्यापेक्षा एक फड कोरडा ठेवलेला चालेल. लगेच दुसरं कुणी म्हणालं, तो माझा निघाला तर? म्हणून मग ठरलं, की पिकलेल्या फडांनी आपल्या धान्यातून कोरड्या फडाला वाटा द्यायचा, इतका की वर्षाची चूल अडू नये. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आठवून म्हणाले, पूर्वी प्रत्येक घराची प्रत्येक फडात एक पट्टी असायची. एखादा फड कोरडा राहिला, तर तोटा सगळ्यांचाच थोडा थोडा व्हायचा. पुढं यंत्राची नांगरट आली, सलग शेतं हवीशी झाली, पट्ट्या मोडल्या. शेवटी हेही ठरलं, की पुढच्या टंचाईत यंदाच्या कोरड्या फडाला पहिलं पाणी.

"कुठला फड कोरडा ठेवायचा?" बगळोबानं विचारलं.

"जो सोडल्यानं उरलेले सगळे वाचतील, तो," भावेश म्हणाला. "हे तुला मोजता येईल."

"हे मोजता येईल," बगळोबा म्हणाला.

सुमनताईंनी विचारलं, हा नियम मान्य असेल त्यांनी पान वर करावं. पानं वर गेली. वसूच्या हातात चिंचेची डहाळी होती. तिनंही वर केली.

बगळोबानं पाटात चोच घातली, बाहेर काढली. "टोकफडाची चारी सगळ्यांत लांब आणि रेताड आहे. ती सगळ्यांत जास्त पाणी पिते. टोकफड सोडला तर तीन फड वाचतात. दुसरा कुठलाही सोडला तर आणखी एक सोडावा लागेल. टोकफड."

कुठलं पान कुठल्या फडाचं, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

वसूनं आप्पांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी सभेत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. डहाळी वसूच्या हातातून कधी गळून पडली, तिला कळलं नाही.

ती बाजेवरच्या नानांपाशी गेली. भावेशनं आणि दोन पोरांनी त्यांची बाज सभेत उचलून आणली होती.

"नाना, नियमाला भोक आहे," ती हळू म्हणाली. "धान्य परत देता येतं. पण आमचं बियाणं... ते कुणाकडेच नाही. ते कोण परत देणार? पण मी हे म्हणतेय, कारण ते आमचं आहे. मग हे प्रत्युदाहरण आहे, की नुसतं माझं रडणं?"

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात फार हलका होता. "हे कसं तपासायचं, ते तूच काल शोधलंस."

वसूनं डोळे मिटले. मनात तिनं बन्सी गहू उचलून थळफडात लावला, भावेशच्या शेतात. आपला गहू हिरवागार आणि त्याचा वाळतोय. शेवटचं बियाणं. मग मी काय म्हटलं असतं? तिनं स्वतःला दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा उत्तर फार लवकर आलं होतं.

मग ती सभेकडे वळली आणि तिनं बियाण्याचं सांगितलं.

"झालं!" दामूबाप्पा म्हणाले. "स्वतःवर आलं की लगेच नवं कलम!"

"मलाही तसंच वाटलं, बाप्पा," वसू म्हणाली. "म्हणून आधी ते भावेशच्या शेतात ठेवून पाहिलं. तरी तेच उत्तर आलं. तुम्हीही ठेवून बघा. नाही पटलं तर नाही."

बाप्पांनी खाली पाहिलं. त्यांच्या हातात अजून ते पळसाचं पान होतं.

"ज्याची भरपाई होते, ते एका बाजूला," भावेश म्हणाला. "ज्याची होतच नाही, ते दुसऱ्या बाजूला. दोन्हींना एकच नियम कसा लावायचा?" तो बोलून गेला, आणि आपण टोकफडाच्या बाजूनं बोललो हे त्याला मागाहून कळलं.

"अख्ख्या शेताची गरज नाही," वसू म्हणाली. "बियाण्यापुरती एक पट्टी."

"पट्टीसाठीसुद्धा अख्खी चारी भिजवावी लागेल," बगळोबा म्हणाला. "चारी सगळं पिईल."

तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले. "डोक्यावरनं नेलं तर?"

बगळोबानं आप्पांकडे चोच वळवली. "हंड्याला झिरपा नसतो."

पण नेणार कोण? बंधारा कुठं, टोकफड कुठं. माणसं पाठीला पाठ टेकून बसली होती, उठायचं नाव कुणी घेईना. आप्पा उभे राहिले. आई उठली. सुमनताई उठल्या. आणि मग, गुडघ्यांना शिव्या देत, दामूबाप्पा.

"मी तांब्या नेईन, हंडा नाही," ते म्हणाले. "गुडघे माझे आहेत, फडाचे नाहीत."

बगळोबानं तीन फडांची दारं उघडली. पाणी धावत गेलं नाही, तेही दमल्यासारखं निघालं, पण थांबलं नाही. आणि दाराशी हंडे, कळशा, बादल्या भरून माणसांची एक लांब ओळ पाटाच्या काठानं टोकफडाकडे चालू लागली. वाटेत दोन्ही बाजूंना टोकफडाचा गहू पिवळा पडत होता. ज्यांची ती शेतं, तेही ओळीत होते. ते आपल्या शेतांकडे बघत आणि पुढं जात. पुढून कुणा बाईचा आवाज आला,

हंडा डोईवर बाई, पाणी डुचमळे काठाला
दमल्या पायांनो चला, कुणी बसलंय वाटेला

पट्टी भिजली तेव्हा ऊन उतरलं होतं. आप्पा बांधावर बसले. एका बाजूला ओली काळी पट्टी, दुसरीकडे त्यांचं उरलेलं सगळं शेत, जे आता पिकणार नव्हतं. वसू त्यांच्याजवळ बसली.

"आप्पा, मी पान वर केलं होतं. त्या नियमाला."

"पाहिलं मी."

"रागावलात?"

आप्पांनी पायातली चप्पल काढली, मग दुसरी. "वाईट वाटलं," ते म्हणाले. "खूप वाटलं. पण अन्याय झाला असं नाही वाटलं. एवढे दिवस दोन्ही एकच वाटायचं बघ."

पोरं ओल्या मातीत पाय पसरून बसली होती. बोलायचंही त्राण नव्हतं कुणात. तेवढ्यात एक टिटवी उडत आली, पट्टीच्या कडेला उतरली आणि सरीत साचलेल्या पाण्यात चोच बुडवून पिऊ लागली. वाळक्या रानातून आणखी एक आली.

"ए, आपलं पाणी!" चिंगी ओरडली. मग तिचा हात अर्ध्यावरच थांबला. ती विचारात पडली.

"नियम केला तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "यांच्या हातात कुणी पान दिलं होतं का?"

भावेशनं वसूकडे पाहिलं, वसूनं भावेशकडे. दोघंही इतकी दमली होती, की झोपच यायला हवी होती.

"सांगू?" भावेश म्हणाला.

"थांब," वसू सरसावून बसली. "आधी हे सांग, पान कुणाकुणाला द्यायचं, हे कशावरून ठरवायचं?"

टिटव्या पाणी पीत राहिल्या. त्यांना कुणी हुसकलं नाही.